दुकानातली चोरी, पाच हजारांची रेघ आणि वकिलाचं काम

मोठ्या दुकानांच्या बिलिंग काउंटरजवळ एक पाटी हमखास दिसते: 'चोरी करताना आढळल्यास वस्तूच्या किमतीच्या दहापट रक्कम वसूल केली जाईल.' कुठे पाचपट, कुठे वीसपट, आणि खाली कॅमेऱ्याचं चित्र. वाचणाऱ्याला वाटतं, एवढं ठळक लिहिलंय म्हणजे असा काहीतरी कायदा असणारच. तसा कायदा नाही. दंड ठोठावायचा अधिकार न्यायालयाचा. दुकानदार वस्तू परत मागू शकतो, पोलिसांत जाऊ शकतो, नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो. दहापटीचा आकडा त्याने आपल्या मनाने लावलेला असतो. 'पैसे भर, नाहीतर पोलिसांना बोलावतो' असं धमकावून ते वसूल केले, तर खंडणीचा आरोप उलट त्याच्यावरच येऊ शकतो.

मग खरी शिक्षा किती? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेनंतरच्या चोरीला जुनं ३७९ कलम लागत नाही, ३०३ लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. इथवर जुन्यासारखंच आहे. नव्या कायद्याने दोन गोष्टी बदलल्या आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने जातात. पहिली सौम्य आहे. माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा तुरुंगाची नाही, समाजसेवेची. म्हणजे न्यायालय सांगेल ते लोकोपयोगी काम, बिनपगारी. दुसरी कडक आहे. चोरीसाठी दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर किमान एक वर्ष सक्तमजुरी, आणि ती पाच वर्षांपर्यंत वाढू शकते, शिवाय दंड. पहिल्या वेळचा निकाल हलक्यात घेऊ नये तो यामुळेच.

पाच हजारांची रेघ

समजा, पुण्यात शिकणाऱ्या एका मुलीच्या पिशवीत बिल न केलेली अठराशे रुपयांची अत्तराची बाटली सापडली. पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र. पोलिसांनी फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घ्यायची आणि तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगायचं. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटकही नाही. आता त्याच पिशवीत पाच हजार दोनशेची बाटली आहे असं धरा. गुन्हा दखलपात्र झाला, अजामीनपात्र झाला (जामीन हक्काने नाही, न्यायालयाने दिला तर), एफआयआर होणार. मुलगी तीच, दुकान तेच, कृत्य तेच. फरक फक्त किमतीच्या चिकटपट्टीचा.

म्हणून अशा प्रकरणात वकील सगळ्यात आधी आकड्याला हात घालतो. कलमात 'मूल्य' एवढाच शब्द आहे. ते छापील किमतीने धरायचं, सवलतीच्या किमतीने, की दुकानाला माल पडला त्या भावाने, हे तिथे लिहिलेलं नाही. त्या दिवशी दुकानात 'निम्म्या किमतीत' अशी योजना चालू असेल, तर छापील सहा हजारांची वस्तू प्रत्यक्षात तीन हजारांनाच विकली जात होती, असा युक्तिवाद उभा राहतो. आणखी एक गोष्ट नेहमी घडते. महिनाभरात रॅकवरून जे जे गायब झालं ते सगळं सापडलेल्या एकाच माणसाच्या माथी मारायचं. पंचनाम्यात प्रत्यक्ष जप्त झालेल्या वस्तू किती आणि फिर्यादीतली यादी किती लांब, हे ताडून पाहणं हे कंटाळवाणं काम आहे. पण खटल्याची दिशा तिथेच ठरते.

दुकानदाराची बाजूही इथे सांगायला हवी. चार हजार नऊशेचा माल गेला तर मॉलमधल्या कंपनीला त्याचं फार काही वाटणार नाही. गल्लीतल्या किराणावाल्याची मात्र ती कित्येक दिवसांची कमाई असते. तो पोलीस ठाण्यात जातो, तिथे 'एनसी घेतो' म्हणतात, आणि पुढे काहीच हलत नाही. त्याची चिडचिड मला रास्त वाटते. कायद्याने त्याच्यासमोर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करण्याचा मार्ग ठेवलाय, पण दुकान बंद ठेवून तारखांना कोण जाणार?

कलमाचा नंबर

आकड्याइतकाच कलमाचा नंबर महत्त्वाचा. राहतं घर किंवा माल ठेवण्यासाठी वापरली जाणारी इमारत यातली चोरी ३०५ कलमात येते आणि तिची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. जुनं ३८० कलम ते हेच. गोदामाचं कुलूप तोडलं तर हे कलम चपखल बसतं. पण दुकानही 'माल ठेवण्याची इमारत' आहे असं धरून गिऱ्हाइकाने रॅकवरून उचललेल्या वस्तूलाही ते लावलं जाऊ शकतं. ३०५ लागलं की पाच हजारांची सवलत संपली. ती ३०३ पुरतीच आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. त्याहून मोठा तोटा असा की ३०३ ची चोरी मालाच्या मालकाशी तडजोड करून मिटवता येते, त्याला न्यायालयाची परवानगीही लागत नाही. ३०५ आपसात मिटत नाही. दोन्ही पक्ष राजी असले तरी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. सगळ्यांना खुल्या, विक्रीसाठीच मांडलेल्या दालनाला 'माल ठेवण्याची इमारत' म्हणायचं का, हा वाद वकिलाने जामिनाच्या अर्जापासूनच घालायचा असतो.

नंबर आणखी कुठे बदलतो? महागड्या वस्तूवर स्वस्त वस्तूचं लेबल चिकटवून बिल केलं तर पोलीस चोरीऐवजी फसवणुकीचं कलम लावू शकतात, शिक्षा सात वर्षांपर्यंत. दुकानातल्या नोकरानेच माल लांबवला तर वेगळं कलम, तिथेही सात वर्षं. आणि माल घेऊन पळताना सुरक्षारक्षकाला मारलं, तर प्रकरण चोरीवरून जबरी चोरीवर जातं. तिथे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दोनशे रुपयांच्या चॉकलेटांपायी कोणी दहा वर्षांच्या कलमात अडकावं हे विचित्र वाटतं खरं, पण कायदा मालाची किंमत नाही, वापरलेलं बळ पाहतो.

चोरी केव्हा पुरी होते, यावर दरवाजाबाहेर पाऊल पडलं की, असं उत्तर बहुतेकजण देतील. कायद्यात दरवाजाचा उल्लेखच नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, लबाडीच्या हेतूने हलवली की चोरी झाली. पण जिथे आपल्या हाताने माल घ्यायचा असतो त्या दुकानात रॅकवरून वस्तू उचलायला दुकानाचीच संमती असते. सगळा भार येतो हेतूवर. फोनवर बोलता बोलता वस्तू पिशवीत टाकली, कडेवरच्या मुलाने ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात काही टाकलं, बिल करताना एक वस्तू स्कॅनच झाली नाही, यात हलवणं आहे, लबाडी नाही. मात्र वस्तूवरची चोरी-रोधक चकती उपटून कपड्यांच्या ढिगात लपवलेली सापडली, तर 'विसरलो' म्हणणं अवघड होतं.

काउंटरमागची खोली

खरं प्रकरण घडतं ते पोलीस ठाण्यातही नाही आणि न्यायालयातही नाही. ते घडतं काउंटरमागच्या छोट्या खोलीत, जिथे पुठ्ठ्याची खोकी रचलेली असतात आणि कॅमेऱ्याचा पडदा चालू असतो. मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणतो, "ताई, एवढं लिहून द्या, विषय इथेच संपवू." समोर कोरा कागद येतो. मजकूर तोच सांगतो: 'मी स्वखुशीने लिहून देते की मी आज दुकानातून अमुक वस्तू चोरली, यापूर्वीही दोन वेळा चोरी केली आहे, माझी काहीही तक्रार नाही.' खाली सही, आधार कार्डाची झेरॉक्स, हातात वस्तू धरून फोटो.

हा कागद पोलिसांपुढच्या कबुलीपेक्षा जास्त घातक आहे. पोलीस अधिकाऱ्याला दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात ते स्पष्ट आहे. पण मॅनेजर पोलीस नाही. खासगी माणसाला दिलेली कबुली, ती स्वेच्छेने दिल्याचं न्यायालयाला पटलं तर, पुराव्यात येऊ शकते. वर त्या 'यापूर्वीही दोन वेळा'ने मालाची किंमत पाच हजारांपार न्यायची सोय होते, ते निराळंच. असा कागद लिहून दिलाच असेल तर तो कोणत्या परिस्थितीत लिहिला, किती वेळ बसवून ठेवलं, फोन काढून घेतला होता का, घरच्यांना कळवू दिलं का, हे सगळं त्याच दिवशी टिपून ठेवून वकिलाला सांगायला हवं. दबावाने किंवा 'लिही, म्हणजे सोडतो' अशा आमिषाने घेतलेली कबुली मोडून काढता येते. चार महिन्यांनी आठवून सांगितलेल्या तपशिलाला वजन राहत नाही.

दुकानाला अडवायचा अधिकार किती? नागरिकालाही आरोपीला पकडून पोलिसांच्या हवाली करता येतं अशी तरतूद आहे, पण ती डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यापुरतीच, आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायची अट आहे. म्हणजे पाच हजारांखालच्या चोरीत तो अधिकारच मिळत नाही. आपला माल वाचवण्यासाठी जाणाऱ्याला अडवणं आणि माल परत घेणं, हे मालमत्तेच्या बचावाच्या हक्कात बसतं. माल हातात आल्यावर मात्र तो हक्क संपतो. पुढे तासनतास डांबून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा, मारहाण हा आणखी एक. झडतीही संमतीशिवाय घेता येत नाही, आणि पोलिसांनी घ्यायची म्हटली तरी बाईची झडती बाईनेच घ्यायची असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये केरळच्या अट्टप्पाडीत मधू नावाच्या आदिवासी तरुणाला दुकानांतून तांदूळ वगैरे चोरल्याच्या संशयावरून जमावाने बांधून मारलं, त्यात तो गेला. २०२३ मध्ये त्या प्रकरणात चौदा जण दोषी ठरले. चोराला धडा शिकवायला निघालेल्यांची गाठ शेवटी याच कायद्याशी पडते.

कॅमेऱ्याचंही थोडं सांगायला हवं, कारण 'कॅमेऱ्यात सगळं आहे' हे वाक्य ऐकून भले भले खचतात. चित्रण न्यायालयात नुसतं पेन ड्राइव्हवर आणून दाखवता येत नाही. त्यासोबत कायद्याने ठरवून दिलेलं प्रमाणपत्र लागतं. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने पक्का केला तो चक्क जालन्याच्या निवडणूक वादात. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०२०. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावरून ठरवायचं होतं, आणि प्रश्न आला की प्रमाणपत्राशिवाय ते चालेल का. चालणार नाही, असं उत्तर आलं. नव्या साक्ष्य अधिनियमात ही अट ६३ व्या कलमात आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. तेच चित्रण निर्दोष माणसाला वाचवू शकतं. वस्तू मुलाने टाकली, किंवा बाई पैसे द्यायला पाकीट काढतच होती, हे त्यातच दिसतं. पण बहुतेक यंत्रणांमध्ये जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. दुकानाला 'चित्रण जपून ठेवा' अशी नोटीस पाठवणं हे म्हणूनच वकिलाचं पहिल्या आठवड्यातलं काम.

सुटणं आणि निर्दोष सुटणं

न्यायालयाच्या आवारात एक सल्ला फुकट मिळतो: "कबूल करून टाका, दंड भरा, आजच मोकळे व्हाल." चोरीची किंमत वीस हजारांच्या आत असेल तर खटला संक्षिप्त पद्धतीने चालतो आणि त्यात तीन महिन्यांहून जास्त कैद देता येत नाही, त्यामुळे सल्ला गोडही वाटतो. माझ्या मते या प्रकारच्या खटल्यांत सगळ्यात जास्त नुकसान हाच सल्ला करतो. कबुली दिली की दोषसिद्धी झाली. दंड पाचशेचा असो की शिक्षा चार दिवस बाग झाडण्याची, नावापुढे 'चोरीसाठी दोषी' लागलं. पुढच्या वेळची किमान एक वर्षाची सक्तमजुरी याच नोंदीवर उभी राहते.

वकील इथे वेगळे दरवाजे दाखवतो. दुकानाशी तडजोड झाली, मालकाने गुन्हा मिटवून घेतला, तर कायद्याच्या लेखी आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच परिणाम. आणि दुकानालाही तारखा नकोच असतात, त्यामुळे तयारी बऱ्याचदा असते. तडजोड जमली नाही आणि पुरावा भक्कम असला, तर १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा, म्हणजे प्रोबेशनचा कायदा, आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात चोरीचं नाव घेऊन म्हटलंय की आधी शिक्षा झालेली नसेल तर न्यायालय नुसती समज देऊन सोडू शकतं. चौथ्या कलमात चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडता येतं. एकवीस वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात पाठवायचं तर न्यायालयाला त्याची कारणं लिहावी लागतात. आणि बारावं कलम सांगतं की या कायद्याखाली सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटू नये. समाजसेवेच्या शिक्षेला असं कवच नाही. दोन्हींत तुरुंग टळतो, पण पुढच्या आयुष्यात फरक पडतो. न्यायाधीश आपणहून परिवीक्षेचा विचार करतातही, पण मागणारा कोणी असला तर तो विचार होण्याची शक्यता वाढते.

अठरा वर्षांखालच्यांची गोष्टच वेगळी. तिथे बाल न्याय मंडळ, आणि साध्या चोरीसाठी त्यांच्यावर एफआयआर करायचीच नसते. आईवडिलांनी पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य मुलाच्या वयाचं बोलावं आणि जन्मदाखला हाताशी ठेवावा.

नोकरीचं काय? सरकारी नोकरीच्या पडताळणी फॉर्ममध्ये 'तुमच्यावर गुन्हा दाखल झाला होता का' हा प्रश्न असतो. निर्दोष सुटल्यावर लोक तिथे 'नाही' लिहितात आणि नंतर लपवल्याबद्दल नोकरी जाते. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियुक्ती अधिकाऱ्यांना दिशा दाखवली. माहिती खरी दिलीच पाहिजे, पण किरकोळ प्रकरण लपवलं गेलं असेल तर ते माफ करण्याचा विवेक अधिकाऱ्यांना आहे. पासपोर्टलाही प्रलंबित खटला आडवा येतो. त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक वेगळी गोष्ट. अमेरिकेत दुकानातली चोरी स्थानिक न्यायालयात किरकोळ ठरली तरी इमिग्रेशनच्या कायद्यात चोरी हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरला जातो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या भारतातील दूतावासाने चोरीमुळे व्हिसा रद्द होऊ शकतो असा जाहीर इशाराही दिला. तिथे पहिल्यांदा सापडलेल्याला ठरवून दिलेल्या वर्गांना बसून, समाजसेवा करून खटला मिटवायची सोय अनेक ठिकाणी असते. पण त्यासाठी आधी गुन्हा कबूल केला असेल, तर न्यायालयाने खटला बंद केला तरी इमिग्रेशनवाले त्याला दोषसिद्धी धरू शकतात. २०१० च्या पडिया प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कबुलीने देशाबाहेर जावं लागेल का, हे आरोपीला समजावणं बचावाच्या वकिलाचं कर्तव्यच आहे. तेव्हा फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलालाही गाठायचं, आणि तेही कबुलीच्या आधी.

वकील परवडत नसेल तर

अटक झाली तर आवडीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आहे, आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करण्याची सक्तीही तिथेच. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलंय. वकिलाचा ठाण्यातला एक फोन बऱ्याचदा या निकालाची आठवण करून देण्यापुरताच असतो, आणि तेवढ्याने रात्र कोठडीत जायची वाचते.

पैसे नसले तरी वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. आपल्या उदाहरणातली पुण्याची मुलगी केवळ स्त्री आहे म्हणून पात्र आहे, तिच्या वडिलांचा पगार कोणी विचारायचा नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, बऱ्याच जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयही असतं, जिथले वकील फक्त आरोपींच्या बचावाचं काम करतात. फोन नंबर १५१००. अजमल कसाबच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणतात तेव्हाच, तुला वकील मिळू शकतो, हे दंडाधिकाऱ्यांनी त्याला सांगितलं पाहिजे. त्यांनी सांगितलं नाही तर आपण मागायचं.

वकिलाकडे जाताना नुसती हकिकत नेऊ नका, कागद न्या. त्या दिवशीची त्याच दुकानातली इतर बिलं, यूपीआयच्या संदेशावरची वेळ, पार्किंगची पावती, बरोबर कोण होतं त्यांचे नंबर, औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी. त्या खोलीत सही केलेल्या कागदाची प्रत मिळाली नसेल तर त्यातला मजकूर आठवेल तसा लिहून न्या. आणि खरंच चोरी केली असेल तर वकिलाला ते सरळ सांगा. त्याने ते बाहेर बोलायचं नाही असं कायद्यानेच त्याच्यावर बंधन आहे, आणि तडजोड मागायची, परिवीक्षा मागायची की खटला लढायचा, हे त्याला त्याशिवाय ठरवता येत नाही.